बाहेरचा उंदीर

प्रयोगशाळेच्या उंदीरघरात शिरण्याआधी अंगावरचे कपडे बदलायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि दारातल्या वहीत सही करायची. सहीच्या शेजारी एक रकाना होता : 'गेल्या पाच दिवसांत बाहेरच्या उंदराला हात लावला का?' लावला असेल तर पाच दिवस घरी बसायचं, कुणी काही विचारत नसे. सव्वीस वर्षं त्या रकान्यात मामा 'नाही' लिहीत आले होते. इतकी सवय झाली होती की अलीकडे नुसता 'ना' काढून पुढे एक रेघ ओढायचे.

सगळे त्यांना उंदीरमामा म्हणत. प्रयोगशाळेतल्या पोरांनी चेष्टेत ठेवलेलं नाव, पण ते असं चिकटलं की सासुरवाडीची माणसंही त्यांना त्याच नावानं ओळखायची. मामांना त्याचं काही वाटत नसे. पिंजऱ्यातला भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या भरणं, उंदराला शेपटीच्या बुडाशी अलगद धरून तळहातावर घेणं, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्यांचा खरा जीव होता थरथऱ्यांवर. हे उंदीर जन्मतः चांगले असत, पण महिन्याभरात त्यांचे पाय कापायला लागत. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी ते अकरा वर्षं जपून वाढवले होते, कारण त्यांच्या धाकट्या भावाला नेमका हाच आजार होता. भाऊ एकदा चाकांच्या खुर्चीतून आला होता आणि काचेपलीकडून कितीतरी वेळ उंदरांकडे बघत बसला होता. जाताना म्हणाला, "यांना जपा हो मामा. मी यांच्याच भरवशावर आहे." हसत म्हणाला होता, पण मामांच्या ते मनात घर करून राहिलं. आणि यंदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, बाईंच्या औषधानं काही उंदरांचे पाय कापायचे थांबले होते.

त्याच सुमारास मामांच्या बायकोनं स्वयंपाकघरातल्या मोरीखाली उंदरांसाठी चिकट पट्टी लावली. सकाळी पाहते तो तिच्यावर एक उंदीर कुशीवर चिकटून चिरकत पडलेला.

"अहो, मारा त्याला आणि टाकून या," ती म्हणाली. "मला बघवत नाही."

मामांनाही बघवत नव्हतं. पण प्रयोगशाळेत हजारोंनी उंदीर हाताळलेल्या माणसाच्या हातून तो एक काही मारवेना. त्यांनी वाटीभर खायचं तेल घेतलं आणि उघड्या बोटांनी थेंब थेंब सोडत एकेक पाय सुटा केला. डाव्या कुशीवरचे केस तेवढे कातडीसकट पट्टीवरच राहिले. मादी होती. मामांनी तिला घरामागच्या गवतात नेऊन सोडलं आणि साबणानं तीनदा हात धुतले.

खरं तर त्या दिवशी घरी बसायला हवं होतं. पण दोन थरथऱ्या माद्या व्यायच्या बेतात होत्या. त्या माद्यांना पिल्लं सांभाळता येत नसत. पिल्लं जन्मल्याबरोबर उचलून दुसऱ्या, धडधाकट आईच्या भुशात घोळवायची, म्हणजे तिच्या वासाची होऊन ती त्यांना जवळ घेते. हे जमायचं दोघांनाच, आणि दुसरा गडी पाय मोडून घरी पडलेला. आपण गेलो नाही तर सोळा-सतरा पिल्लं हकनाक जातील, एवढंच मामांच्या डोक्यात होतं. त्यांनी वही ओढली. 'ना' आणि पुढे रेघ.

आणि रबरी हातमोज्यांचा वास लागला की आई पिल्लाला झिडकारते म्हणून, नेहमीसारखे, पिल्लं उचलताना त्यांनी मोजे काढून ठेवले. सगळी पिल्लं जगली. मामा घरी येऊन दोन घास जास्त जेवले.

उंदीरघरात एक पिंजरा पहारेकऱ्यांचा असे. बाकी सगळ्या पिंजऱ्यांतला थोडा थोडा वापरलेला भुसा त्यात टाकायचा आणि दर तीन महिन्यांनी त्यातल्या उंदरांचं रक्त तपासायचं. कुठेही रोग शिरला की आधी त्यांच्यात सापडतो. अडीच महिन्यांनी तपासणीचा कागद आला. बाहेरच्या उंदरांत असतो तो विषाणू. बाहेरच्यांना तो काही करत नाही, पण इथे त्यानं सगळ्या प्रयोगांची माती केली होती. नियम एकच होता : एकूण एक उंदीर मारायचा, खोल्या धुवायच्या. थरथऱ्यांची जात पुन्हा उभी करता यावी म्हणून त्यांचं बीज गोठवून ठेवायचं 'पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी' करत राहून गेलं होतं.

कागद वाचताच मामांना चिकट पट्टी आठवली. बाकीचे मात्र भिंतीतली भोकं शोधत होते, खाद्याची पोती झटकत होते. डॉक्टरबाई स्वतःलाच बोल लावत होत्या. "माझंच चुकलं मामा, गटाराची जाळी मी बघायला हवी होती." मामांनीही एक पोतं झटकायला घेतलं.

मारायचं काम अर्थातच मामांकडे आलं. त्यांचा हात हलका, उंदीर घाबरत नाहीत. पेटीत ठेवायचे, वायूची चावी हळूहळू उघडायची, थांबायचं. तीन दिवस ते हेच करत होते. थरथरे त्यांनी शेवटी ठेवले होते, जणू तोवर कुणीतरी येऊन थांबवणार होतं. कुणी आलं नाही. औषधानं पाय थांबलेले उंदीर पेटीतही नीट उभे राहिले. तेव्हा मात्र मामांना रडू आवरेना.

चावी बंद करून ते बाईंसमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. चिकट पट्टी, तेल, वही, मोजे.

बाईंनी एका रिकाम्या पिंजऱ्याचं दार लावलं.

"किती दिवस थांबायचं होतं?"

"पाच."

"पाच," बाई म्हणाल्या. पुढे आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "आता घरी जाऊन मी त्याला काय सांगू, तेवढं सांगा."

मामांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

घरी पोचले तेव्हा अजून ऊन होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभी होती. "बघा तुमची पाहुणी. फडक्यांच्या खणात संसार मांडलाय तिनं."

मामांनी खण ओढला. कुरतडलेल्या फडक्यांच्या घरट्यात आठ गुलाबी पिल्लं वळवळत होती, आणि त्यांच्यावर तीच मादी पसरली होती, डाव्या कुशीवर केस नसलेली. चांगली गुबगुबीत झाली होती. मामांनी हात आत घातला. ती पळाली नाही. त्यांचं बोट हुंगून पुन्हा पिल्लांवर पसरली.

मामा तसेच खाली बसले. एक पिल्लू उचलून त्यांनी तळहातावर घेतलं. त्याचे पाय अजिबात थरथरत नव्हते.

"अहो, हे काय? आधी हात धुवून घ्या," बायको म्हणाली. "उद्या कामावर जायचंय ना?"

"नाही," मामा म्हणाले.