छापलेलं शास्त्र आणि खानावळीतली कवडी

मी एक जुनी कवडी आहे, मित्रांनो. पाठ गुळगुळीत, दात झिजलेले. जन्म समुद्रातला, आयुष्य मात्र लालबागला, कौसल्याबाईंच्या खानावळीत गेलं. दुपारी भांडी आवरली की बाई आम्हा कवड्यांनी पट खेळत.

गुणाजी आणि कुशाबा तिथेच जेवायचे. गिरणीत दोघं मागांच्या एकाच जोडीवर, म्हणून गणपतीला एकालाच रजा. मग मला उडवायचे. उताणी पडले तर गुणाजी कोकणात गावी, पालथी पडले तर कुशाबा. पहिल्या वर्षी गुणाजीने उताणी मागितली, ती त्याला कायमची चिकटली. तीन वर्षं मी पालथी पडले.

छप्पन्न साली संयुक्त महाराष्ट्राच्या बातम्यांसाठी खानावळीत रोज पेपर वाचला जाई. त्यात दर रविवारी एक विद्वान बारा ओळींत विज्ञान सोपं करून देत. त्यांनी लिहिलं, ‘दोन बाजू, म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता. एकच बाजू सारखी पडली, की निसर्ग दुसरी पाडून समतोल साधतोच.’ झालं! अख्खा निसर्ग पुडीत बांधून हे मोकळे.

त्याच आठवड्यात गावाहून पत्र आलं. गुणाजीच्या आईने अंथरूण धरलं होतं.

“या वर्षी तूच जा रे,” कुशाबा म्हणाला.

“उपकार नको तुझे. आता नंबर माझाच. शास्त्र आहे, वाच!”

भाकरी थापता थापता कौसल्याबाई म्हणाल्या, “अरे मेल्या, ही दहातून सात वेळा पालथी पडते. वीस वर्षं खेळतेय मी.”

“मावशी, तुम्ही भाकरी बघा. हे छापलेलं आहे.”

छापलेलं! माझी पाठ फुगीर, तोंड सपाट. तोंडावर पडणं मला सोपं. विद्वानांनी कवडी हातात तरी धरली होती का? आणि मागची तीन वर्षं मी मनात ठेवून पडत नाही. दर वेळी नव्याने पडते.

गुणाजीने मला उडवलंच. मी पालथी पडले.

“उपकार नको ना? बरं,” म्हणत दुखावलेला कुशाबा बोटीत बसला. नवव्या दिवशी तार आली. गुणाजीची आई गेली.

त्या रविवारी विद्वानांनी बारा ओळींत मंगळ उरकला.

“माझंच नशीब फुटकं, मावशी,” गुणाजी रडत म्हणाला. लिहिणाऱ्याचं नाव त्याच्या तोंडी आलंच नाही.

मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी चालेल. कुणाची आई आजारी असेल, तर मला उडवू मात्र नका. त्याला आधी बोटीत बसवा.