फाटकावरचा सेट

सारिकाने माईकची गुंतलेली वायर सोडवली, टेबलापर्यंत ओढली आणि समोर पाहिलं. समाजमंदिराच्या ओट्यावर ती विमानतळाच्या स्वरूपसाहेबाशेजारी उभी होती आणि खाली सतरंजीवर तिच्याच सासरचा पाडा बसला होता. रोज आकाशातल्या माणसांशी न अडखळता बोलणारी सारिका पहिल्या वाक्याआधी दोनदा खाकरली.

मुरबाडहून म्हशाकडे जाताना डाव्या हाताला जो माळ लागतो, त्यावर हे छोटं विमानतळ होतं. विमान चालवायला शिकणारी मुलं दिवसभर तिथून उडायची, माळाला फेरा घालून परत उतरायची. काचेच्या खोलीत बसून सारिका त्यांना वारा कुठला आहे, पुढे कोण आहे, धावपट्टी मोकळी आहे का, हे रेडिओवर सांगायची. पाड्याची वाट धावपट्टीच्या टोकाजवळून आडवी जात होती. वालाची शेतं, जंगल आणि मसणवट, सगळं त्या वाटेच्या पलीकडे. म्हणून तिथे फाटक होतं आणि फाटकावर बारकू. त्याच्या झोपडीत टांगलेल्या सेटवर सारिकाचं बोलणं ऐकू यायचं. विमान येतंय म्हटलं की तो फाटक लावी, गेलं की उघडी.

आता हा सेट निकामी होणार होता. इथल्या रेडिओची जी फ्रीक्वेन्सी होती, तीच लांबच्या दुसऱ्या एका धावपट्टीचीही होती. हवा स्वच्छ असली की तिकडचं बोलणं इकडे शिरायचं. दिवाळीनंतर एका शिकाऊ पोरीने तिकडची सूचना आपल्यालाच आहे असं समजून विमान खाली घेतलं, तेव्हा धावपट्टीवर दुसरं विमान उभं होतं. सारिका ओरडली म्हणून ती पोर शेवटच्या क्षणी वर निघून गेली. त्या दिवशी सारिकाला डबा उघडवला नाही. नवी फ्रीक्वेन्सी हवीच होती, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. पण ती फाटकावरच्या जुन्या सेटवर लागत नव्हती, आणि फाटकासाठी नव्या सेटचा परवाना मागायला कचेरी तयार नव्हती. फाटक कायमचं बंद करावं, लोकांनी ओढ्याकडच्या रस्त्याने वळसा घालावा, असं वरून आलं होतं. त्याआधी गावाला विचारायचं होतं.

सारिकाने हे सगळं पाड्याच्या बोलीत सांगितलं. काही लपवलं नाही, त्या पोरीची गोष्टही सांगितली. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग जाणता धाऊ उठला. भाऱ्याचं ओझं डोक्यावर घेऊन बायांनी एवढा वळसा कसा घालायचा, हे त्याने विचारलं. मयत घेऊन जाताना खांदेकऱ्यांनी काय करायचं, तेही विचारलं. स्वरूपसाहेब भला माणूस होता. त्याने उडवाउडवीची उत्तरं दिली नाहीत. तुमचं म्हणणं मी वर कळवतो, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि त्यातून काही निघणार नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून बाईजा उठली. सारिकाची नजर आपोआप खाली गेली.

बाईजा तिची सासू. बाईजाच्या नवऱ्याचं भाताचं खाचर त्या धावपट्टीखाली गेलं होतं. त्याने अखेरपर्यंत त्या जागेला विमानतळ म्हटलं नाही, माझं खाचर म्हणूनच बोट दाखवलं. पुढे मोटारसायकलच्या अपघातात बाईजाचा मुलगा, सारिकाचा नवरा सुनील गेला. वर्ष सरल्यावर सारिकाने विमानतळावर नोकरी धरली आणि मुरबाडला खोली घेतली. तिने सामान बांधलं त्या दिवशी बाईजा शेळ्या घेऊन रानात निघून गेली, ती सारिकाची रिक्षा गेल्यावरच परतली. तेव्हापासून दोघींमध्ये एक शब्द नव्हता. वाटेत समोरासमोर आल्या, तर बाईजा पदर सावरून बाजूला बघायची.

आताही तिने सारिकाकडे पाहिलं नाही. धाऊकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली,

"तिला इचार रं, नवा नंबर झाल्यावं फाटकावं तिचं बोलनं ऐकू येल का?"

धाऊने विचारायची गरज नव्हती. सारिकाने ऐकलं होतं.

"नाय," ती म्हणाली. "त्या सेटवं कायच नाय येनार. नुसती खरखर."

"मंग दुपारची मी तितं बसू कशाला?"

हे ती कोणाला म्हणाली, कळलं नाही. ती खाली बसली. शेजारच्या ठकीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. भिंतीला टेकून उभा असलेला बारकू उगाच टोपी काढून झटकू लागला, आणि सारिकाला सगळं दिसलं. झोपडीची सावली, बाजूला चरणाऱ्या शेळ्या, खुंटीला टांगलेला सेट आणि खाली बसलेली म्हातारी. रेडिओवरचं बोलणं सगळं इंग्रजीतलं. बाईजाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

माईक सारिकाच्या तोंडाशीच होता. तिने घेतलेला श्वास भोंग्यातून सगळ्या पाड्याने ऐकला.

"काय म्हणाल्या त्या?" स्वरूपसाहेबाने विचारलं. त्याच्यापर्यंत आवाज पोचला नव्हता, आणि पाड्याची बोलीही त्याला कळत नव्हती. सकाळपासून सारिका इकडचं तिकडे शब्दाला शब्द पोचवत होती.

"त्या म्हणतात," सारिका म्हणाली, "वळसा घालून आमचं भागणार नाही. फाटकावर नवा सेट द्या. तोवर फाटक बंद करू नका. सेट आल्याशिवाय गावाची हरकत कायम राहील."

धाऊने तिच्याकडे पाहिलं. मग तो उठून मोठ्याने म्हणाला, "बराबर. हेच आमचं बी म्हननं." पाठोपाठ सतरंजीवरचे हात वर झाले. स्वरूपसाहेबाने चष्मा काढून पुसला. गावाची लेखी हरकत असेल, तर कचेरीला परवान्याचा विचार करावाच लागेल, असं तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज वेगळा होता.

उन्हाळ्याच्या तोंडावर सेट आला. नवी फ्रीक्वेन्सी आधीच सुरू झाली होती; तोवर बारकूने मोबाइलवर विचारून विचारून फाटक चालवलं. सेट फाटकावर बसवला त्या दिवशी विमानं खालीच उभी होती. स्वरूपसाहेब काचेच्या खोलीत सारिकाच्या मागे येऊन थांबला. तिने बटण दाबलं.

"फाटक, आवाज तपासतेय. कसा येतोय सांगा."

काही आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. सेटमध्ये खुट्ट झालं, कोणीतरी कोणाला बटण दाखवत असावं तसं, आणि मग एक घोगरा, दूरचा आवाज खोलीत शिरला.

"येतंय गो. चांगला येतंय."

सारिकाचा हात बटणावरच राहिला.

"हा बारकू नव्हे," स्वरूपसाहेब म्हणाला. "कोण बोललं?"

"घरचं माणूस," सारिका म्हणाली आणि धावपट्टीच्या तोंडाशी थांबलेल्या पहिल्या विमानाला वारा सांगू लागली. रोजच्यापेक्षा जरा सावकाश.