गाडी मागे घेताना

“डावीकडे म्हणजे तुझं डावं की माझं, ते एकदा ठरव. नाहीतर मी त्या झाडाला मिठी मारून उभी राहते, तू घाल गाडी हवी तशी.”

ओलेटा पिकेट हे स्वतःशीच पुटपुटली, पण पुटपुटली ती शेजारच्या आर्डिथच्या गाडीच्या खिडकीखाली, त्यामुळे आर्डिथला शब्दन् शब्द ऐकू आला. ओलेटाचा नवरा ट्रूमन तिकडे त्यांच्या गाडीतून मान बाहेर काढून काहीतरी ओरडत होता. पलंग, शेगडी, न्हाणी असं अख्खं घर पोटात घेतलेली ती गाडी दोन पाइनच्या मधे उलटी शिरवायची, म्हणजे एकाने चालवायची आणि दुसऱ्याने मागे उभं राहून हातवारे करायचे. या मंडळींचे चाळीस-चाळीस वर्षांचे संसार टिकले होते, ते या पंधरा मिनिटांत जे बोललं जातं ते कुणी मनावर घेत नसे म्हणून.

दर उन्हाळ्यात ही निवृत्त जोडपी आपापली आरव्ही, म्हणजे अशी घरगाडी, घेऊन कुठल्या तरी चर्चच्या नाहीतर मुलांच्या कॅम्पच्या दुरुस्तीला जमत. तीन आठवडे मुक्काम. सोमवार ते गुरुवार छपरं, भिंती, पडदे, रंग. शुक्रवारी कपडे धुणं आणि गुडघे शेकणं. यंदा उत्तर विस्कॉन्सिनमधला तळ्याकाठचा कॅम्प होता. आर्डिथ आणि हार्लन यांचं हे अकरावं वर्ष. निदान अर्जावर तसं लिहिलेलं होतं. अर्ज जानेवारीत भरला होता, आणि चार मार्चला हार्लन वारला होता.

तिने यातल्या कुणालाच कळवलं नव्हतं. आधी राहून गेलं, मग कसं कळवावं ते सुचेना, मग वाटलं, समोरासमोरच सांगू. मुलगी कमील म्हणाली होती, “आई, ही शेवटची फेरी. जुलैत गाडी विकायची आणि माझ्याकडे राहायला यायचं.” आर्डिथने हो म्हटलं होतं. एवढी शेवटची फेरी तिला त्याची बायको म्हणून करायची होती, त्याची विधवा म्हणून नव्हे. आयोवाहून दोन दिवस ती एकटी चालवत आली. मुक्कामाला अशाच जागा धरल्या, की समोरून शिरावं आणि समोरूनच बाहेर पडावं. इथे ती सोय नव्हती. जागेच्या मागे झाडं, झाडांमागे उतार, उताराखाली तळं.

त्यांच्यात गाडी आर्डिथ चालवायची आणि हातवारे हार्लन करायचा. यावरून त्याची पुष्कळ थट्टा व्हायची. त्याची रीतही त्याचीच होती. डाव्या हातात पिवळा हातमोजा, उजवा हात उघडा, म्हणजे आरशात घोळ नको. तळवे स्वतःकडे ओढले की मागे ये. तळवे बाहेर ढकलले की पुढे जा. आणि गाडी जागेवर बसली की टोपी काढून छातीशी धरायचा, जणू समोरून कुणाची अंत्ययात्रा चाललीय.

या चमूचा प्रमुख लोवेल ब्रँडवोल्ड हात पुसत तिच्याकडे यायला निघाला. थांबली असती तर तिथेच सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून आर्डिथने त्याची वाट न बघता गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. आरशात पाहिलं. दोन झाडांच्या मधे तपकिरी जाकीट घालून कुणीतरी उभं होतं. डाव्या हातात पिवळा मोजा. ये. ये. जरा डावीकडे. ये.

ती तशी गेली. ज्या हातांच्या भरवशावर इतकी वर्षं उलटं चालवलं, ते हात दिसले की पाय आपलं काम करतो, डोक्याला विचारत बसत नाही. टोपी छातीशी गेली. तिने गाडी बंद केली, उतरली, मागे गेली.

कुणी नव्हतं. वाळक्या पाइनच्या सुयांवर ठसाही नव्हता. सुयांवर तो तसाही उमटत नाही.

लोवेल वीस पावलांवर थांबला होता. “मी येतच होतो,” तो म्हणाला. “पण बघितलं तर तुझं काम चाललेलंच होतं. म्हटलं, मधे कशाला जा.” तो हे जमिनीकडे बघून बोलत होता. “चांगली बसलीय.”

सांगायची वेळ हीच होती. आर्डिथने तोंड उघडलं, आणि आलं ते भलतंच. “हार्लन जरा पडलाय आत. प्रवासाने दमला.”

“असू दे, असू दे,” लोवेल घाईने म्हणाला. “दमतो माणूस.”

आत येऊन तिने चहाला पाणी ठेवलं आणि एकाच कपात पिशवी टाकली. तिला कळून चुकलं होतं की ते वाक्य आता तिच्याच्याने बोलवणार नाही. आपण तोंडाने म्हटलं, की आरशात कुणी उभं राहणार नाही.

संध्याकाळी ओलेटा छातीवर लावायच्या नावाच्या पट्ट्या वाटत आली. सगळ्यांच्या छापलेल्या होत्या. आर्डिथचीही. हार्लनची मात्र हाताने लिहिलेली, आणि तिला हात लावला तर शाई बोटाला लागली.

“त्याची छापायची राहिली होती,” ओलेटा म्हणाली. “आत्ताच लिहिली.” मग उगाचच, “अक्षर माझं कोंबडीचं आहे, त्याला सांग.”

“सांगते,” आर्डिथ म्हणाली.

सोमवारी प्रार्थना झाल्यावर कामं वाटली गेली. मुलींच्या ‘रूथ’ नावाच्या खोलीची तळ्याकडची भिंत आतून कुजली होती. ती उघडून नवे वासे घालायचे, मग जिप्समच्या पाट्या ठोकून बंद करायची. ट्रूमन करवतीवर, आर्डिथ त्याला फळ्या द्यायला.

“तू पडदे शिवणार नाहीस?” ट्रूमनने विचारलं.

“गेल्या वर्षी मी शिवलेल्या पडद्यांना तू पोती म्हणाला होतास.”

“चांगली पोती म्हणालो होतो.”

ती हसत पहिला वासा उचलायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली. वाशावर पेन्सिलीची खूण होती. माप घेणारे सगळे बाण काढतात. पण हार्लन डावखुरा, त्याचा बाण मागे कललेला असायचा, आणि कापून जायच्या तुकड्यावर तो बारीक फुली मारायचा. जे जायचं त्यावर फुली, म्हणजे चुकून राहायचं ते कापलं जात नाही, असं तो दर नव्या माणसाला शिकवायचा. पहिल्या वाशावर बाण आणि फुली. दुसऱ्यावर. बाराच्या बारा वाशांवर.

ट्रूमनने एकेक वासा घेतला, खूण पाहिली, कापला. माप कुणी घेतलं, हे त्याने विचारलं नाही. टेप त्याच्या कमरेला होती, तिला त्याने हात लावला नाही. बाराही वासे हातोडीच्या एका टोल्यात आपापल्या जागी बसले.

“बरोबर आले,” आर्डिथ म्हणाली.

“येणारच,” ट्रूमन म्हणाला, आणि करवत बंद असताना कानांतले बोळे पुन्हा घट्ट बसवू लागला.

त्यानंतर हे रोजचंच झालं. मंगळवारी जेवताना ओलेटाने एक ताट जास्तीचं मांडलं आणि जेवणं होईपर्यंत कुणी ते हलवलं नाही. बटाट्याचं कॅसरोल त्याच्या बाजूने फिरून पुढे गेलं. लोवेलची बायको जनेट ब्रेडला लोणी लावता लावता म्हणाली, “सकाळी तळ्यावर धुकं होतं. काठावर कुणीतरी उभं होतं. एवढ्या थंडीत डोक्यावर टोपी नाही, टोपी आपली हातात.”

“त्याला सवयच आहे ती,” आर्डिथ म्हणाली.

“असते एकेकाला,” जनेट म्हणाली. लोवेल ताटातला एकच वाटाणा काट्याने इकडून तिकडे नेत राहिला.

आर्डिथला त्यांची कीव आली. बिचारे, तिला वाटलं, भाबडेपणाने माझ्या खोट्याला हातभार लावताहेत. आणि या भाबडेपणाचा आपण किती फायदा घेतोय, याची तिला लाजही वाटली. पण लाज एका बाजूला, आणि आरशातले ते दोन हात दुसऱ्या बाजूला.

कारण गाडीत तो कधी आलाच नाही. पलंगाची त्याची बाजू सपाट ती सपाटच. पिवळा मोजा ड्रॉवरमध्ये होता, तिने स्वतः ठेवलेला, तो जागचा हलला नव्हता. तो होता तो कामात आणि आरशात. काम ठरलेल्या वेळीच निघायचं. आरसा मात्र तिच्या हातात होता.

बुधवारी दुपारी तिने पाण्याची नळी सोडली, विजेची तार काढली, गाडी दहा फूट पुढे घेतली आणि पुन्हा मागे.

“काय झालं गं?” ओलेटाने दोरीवर टॉवेल टाकता टाकता विचारलं.

“कलंडलीय जराशी. फ्रिजचं दार आपोआप उघडतं.”

तो आरशात होता. पण झाडांच्या मधे नव्हता. झाडांच्या पलीकडे, उतार सुरू होतो तिथे. हात हळू चालत होते, थकल्यासारखे. टोपी छातीशी गेलीच नाही. तिने थांबून, गाडी पुढे घेऊन, पुन्हा मागे घेतली. तो आणखी खाली होता. गुडघ्यापर्यंत उतारामागे गेलेला. तिसऱ्यांदा घेणार तोच ओलेटा टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून खिडकीशी आली.

“आर्डिथ, पुरे. दार मी दोरीने बांधून देते.”

“अजून एकदाच.”

“पुरे म्हटलं ना, बाई.” तिचा हात खिडकीच्या काठावर होता आणि बोटं पांढरी पडली होती.

गुरुवारी भिंत बंद व्हायची होती. सकाळी प्रार्थनेआधी, तळ्यावर धुकं असतानाच, आर्डिथने नळी आणि तार सोडली. आज टोपी छातीशी गेलेली तिला बघायची होती. एकदा ती बघितली की मग पुरे, असं तिने स्वतःला बजावलं. आजवर बजावलेल्या इतर गोष्टींसारखंच हेही.

आरशात आधी नुसतं पांढरं. मग तो दिसला, तळ्याच्या अगदी काठावर. बुटांखाली पाणी असावं, कारण बूट दिसत नव्हते. पिवळा हात वर झाला, मग दुसरा. हलले, पुन्हा हलले. ये, तिने वाचलं. ये. त्याच्या हातांत इतकी घाई तिने कधी पाहिली नव्हती. ती झाडांच्या मधून मागे आली, झाडं दोन्ही बाजूंनी पुढे सरकली, ती अजून मागे आली. हात जोरजोरात चालले होते. गाडीचं मागचं अंग खाली जाऊ लागलं, कपाटातल्या बश्या एकमेकींवर सरकल्या, आणि तिला जरासुद्धा भीती वाटली नाही. हे तिला नंतर आठवलं, तेव्हा मात्र वाटली.

धाड, धाड, धाड. ट्रूमन उघड्या तळहातांनी गाडीच्या कुशीवर मारत होता. “थांब. आर्डिथ, थांब. थांबव.”

तिने थांबवली. मागची चाकं चिखलात अर्धी रुतली होती. पाणी दोन हातांवर होतं. ट्रूमन धापा टाकत उभा होता, पायांत सपाता, पायजमा पोटऱ्यांपर्यंत भिजलेला. खाली काठावर, धुक्यात, ओलेटा नुसतीच उभी होती, आणि ती गाडीकडे बघत नव्हती.

कॅम्पचा ट्रॅक्टर आणून गाडी बाहेर ओढली. “ब्रेक ओले असतील,” लोवेल म्हणाला. “असतील,” ट्रूमन म्हणाला. जनेटने कॉफी दिली. विचारण्यासारखं एवढं समोर असताना न विचारायला केवढी मेहनत पडते, ते आर्डिथला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं, आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की ही माणसं तिला वाटतात तितकी भाबडी नसावीत.

दुपारी सगळे ‘रूथ’मध्ये जमले. भिंत बंद करण्याआधी आतल्या वाशावर आपली नावं लिहायची, ही या लोकांची जुनी पद्धत. पाटी ठोकली की ती नावं पुन्हा कुणाला दिसत नाहीत, वीस-पंचवीस वर्षांनी भिंत पुन्हा कुजली तरच. लोवेलने लिहिलं, लोवेल आणि जनेट. ट्रूमनने लिहिलं, ट्रूमन आणि ओलेटा, आणि ओलेटा नेहमीसारखी म्हणाली नाही की माझं नाव आधी का नाही.

पेन्सिल आर्डिथकडे आली. तिने लिहिलं, आर्डिथ. मग, आणि. पुढे हात चालेना.

“माझ्यासाठी तो कधी लिहायचा नाही,” ती वाशाकडे बघत म्हणाली. “स्वतःचं नाव स्वतः लिहा म्हणायचा. हवं तर थांबू थोडं. येईलच तो.”

लोवेलने जनेटकडे पाहिलं. जनेटने ट्रूमनकडे. ट्रूमन हातातली हातोडी उलटसुलट करत होता. शेवटी ओलेटा पुढे आली, तिने आर्डिथच्या मुठीतून पेन्सिल सोडवून घेतली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिचे हात बर्फासारखे गार होते.

“हार्लन गेलाय, आर्डिथ,” ती म्हणाली. “चार मार्चला. कमीलने लोवेलला फोन केला होता, तू यायच्या आधीच. तुला बोलावंसं वाटेल तेव्हा तू बोलशील, म्हणून आम्ही गप्प बसलो. आणि मग तो आम्हालाच दिसायला लागला, तेव्हा काय बोलावं ते कळेना. आज सकाळी मी काठावर त्याच्या शेजारी उभी होते, एवढ्या अंतरावर. मला जन्मात डावं-उजवं कळलं नाही, पण हे कळलं. तो तुला ये म्हणत नव्हता गं. दोन्ही हातांनी ढकलत होता. पुढे जा, म्हणत होता.”