कोरडी वाकळ

मी एक जुनी वाकळ आहे. वाकळ म्हणजे गोधडी, मित्रांनो. आमच्या देऊळगाव राजाच्या बाजूला असंच म्हणतात. सध्या मी नदीकाठच्या बाभळीखाली पडून असते. निम्मी उंदरांनी कुरतडली, उरलेली उन्हाने विरली. तरी बोलते, कारण ज्यांनी बोलायला हवं होतं ते वेळेवर बोलले नाहीत.

मला कोकिळाने शिवलं. तिचं लग्नातलं हिरवं लुगडं आणि नवऱ्याची, शेषरावाची फाटकी धोतरं थरावर थर ठेवून तिने उन्हाळाभर टाके घातले. तेव्हा नुकतंच नवं महाराष्ट्र राज्य झालं होतं आणि कोकिळाच्या पोटात पंचफुला होती. पुढे तुळशीराम झाला. दोघं भावंडं एकमेकांच्या पोटात पाय खुपसून माझ्यावर निजायची. आल्यागेल्या बाया माझे टाके बघून कोकिळाचा हात वाखाणायच्या आणि मी फुगून जायचे. बरे दिवस होते ते.

पंचफुला सात वर्षांची असताना एका हिवाळ्यात आईबाप शेतात कांदा लावत होते. तुळशीरामवर लक्ष ठेवायचं काम पंचफुलाकडे होतं. ती बोरीखाली बोरं वेचायला वाकली, तेवढ्यात तो विहिरीकडे गेला आणि आत पडला. त्याला वर काढल्यावर कोकिळा ऊर बडवत लेकीला म्हणाली, "तुले पाह्यले ठेवलं होतं ना वं!"

एवढंच ती बोलली. त्यानंतर त्या घरात तुळशीरामचं नाव कोणी काढलं नाही. लेकराला काय कळतं, विसरेल आपोआप, असं मोठ्यांनी ठरवून टाकलं. मोठी माणसं फार लवकर ठरवतात. त्याच आठवड्यात, पंचफुला झोपेत असताना, मी पहिल्यांदा ओली झाले.

आधी कोकिळाने धपाटे घातले. मग शेषरावाची थोरली बहीण सोजराबाई भावाकडे राहायला आली आणि तिने तिच्या सासरचा उपाय सांगितला. "ओली वाकळ तिच्याच डोक्यावर द्या आन् गल्लीतून मारुतीच्या पारापर्यंत फिरवा. लाज वाटली का बंद होते."

शेषराव रोज सकाळी माझ्यावर तळहात फिरवायचा. ओल लागली की माझी घडी पोरीच्या डोक्यावर. मी भिजले की भारी जड होते. मागून गल्लीतली पोरं टाळ्या वाजवत यायची, बाया दारात उभ्या राहून पदराआड हसायच्या, आणि पारावरचे म्हातारे, ज्यांना दुसरा उद्योग नव्हता, आज किती भिजली म्हणून विचारायचे. मी तिच्या डोक्यावर असल्यामुळे मला तिचा चेहरा कधी दिसला नाही. तिची मान थरथरायची ती मात्र मला कळायची. माझा त्या सगळ्यांवर फार राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

लाजेने काही बंद झालं नाही. तेव्हा शेषरावाने बैलगाडी जुंपली, लेकीला घेतलं आणि पुरावा म्हणून मलाही घेतलं. देऊळगावच्या दवाखान्यात त्याने मला डॉक्टरांच्या टेबलावरच उलगडलं. डॉक्टर माझ्याकडे न बघता पोरीशी बोलत बसले. आधी घर, मग भाऊ, मग विहीर, असं हळूहळू त्यांनी विचारलं. मग शेषरावाला म्हणाले, "हिच्या अंगात दोष नाही. मनात धास्ती बसली आहे. मारू नका, लाजवू नका, जवळ घेऊन निजा. भावाचं नाव काढू द्या तिला. आणि तुझी चूक नव्हती, हे तुम्ही दोघांनी तोंडाने सांगा."

"आन् सुई?" शेषरावाने विचारलं.

"सुई नको. हेच औषध."

आमच्याकडे सुई न टोचणारा डॉक्टर म्हणजे फसवणूक. गाडीत बसल्यावर शेषराव कुरकुरला, "कायचा डाक्तर! सुई नाही, गोळी नाही. नुसत्या गप्पा!"

पंचफुला मागे माझ्यावर बसली होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "बाबा, माही चूक नव्हती ना?"

"गप बस. बैल बुजतात," शेषराव म्हणाला आणि त्याने कासरे ओढले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गल्लीतून फिरली. आणि मग, चैत्र लागला तेव्हा, मी कोरडी राहू लागले. घरात आनंदीआनंद झाला. सोजराबाईने आपल्या उपायाची टिमकी साऱ्या गावात वाजवली. शेषरावाने लेकीसाठी बाजारातून गुळाची गुडीशेव आणली. पोरगी शेव हातात धरून बसायची, कारण कोरड्या तोंडाने ती गिळवत नव्हती. तिचे ओठ फुटले होते. निजताना ती ते चाटायची, आणि उशाला ठेवलेला तांब्या सकाळी जसाच्या तसा भरलेला असायचा. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

वैशाखात भर दुपारी आईच्या मागे शेतात जाताना पंचफुला पांदीत, म्हणजे शेताच्या वाटेवर, पडली. घरी आणून तिला माझ्यावर निजवलं. दिवस मावळायच्या आत ती गेली. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले.

शेजारची बनी, टाळ्या वाजवणाऱ्यांत ती पुढे असायची, दाराशी रडत म्हणाली, "पंची पानीच पेत नव्हती. पानी पेलं का मंग वाकळ घेऊन फिरा लागते म्हने."

शेषरावाने ते ऐकलं. कोकिळानेही ऐकलं, आणि ती तांब्याकडे बघत राहिली.

मेलेल्या माणसाचं अंथरूण आमच्याकडे नदीवर टाकतात, गुंडाळून, गावामागच्या पांदीने. शेषरावाने माझी घडी केली आणि डोक्यावर घेतली. तो गल्लीकडे वळला तशी सोजराबाई ओरडली, "अरे, तिकडून काऊन? पांदीनं ने ना!" तो थांबला नाही. प्रत्येक दारावरून, मारुतीच्या पारावरून तो गेला. कोणी हसलं नाही. त्याची मान थरथरत होती, अगदी लेकीसारखी.

नदीवर त्याने मला खाली ठेवलं आणि सवयीने माझ्यावर तळहात फिरवला.

"कोरडी हाय," तो म्हणाला, आणि तिथेच बसून हंबरडा फोडला.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल आणि तुमच्या घरात एखादं अंथरूण ओलं होईल. ते उन्हात टाका, वाळून जातं. मग लेकराला मांडीवर घ्या, कशाचं भ्या वाटतं ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. पंचफुलाने तर आपण होऊन विचारलं होतं. बैल हाकता हाकताही म्हणता येतं, "नाही वं माय, तुही चूक नव्हती."