अर्धी मूठ

"श्वास सोडा म्हणे! धरून कोण बसलंय, वन्सं?" शिंपीणबाई शेजारी बसलेल्या नणंदेच्या कानाशी पुटपुटली. स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या गोळ्यांनी तिचे सांधे आखडले होते, आणि गोळ्या अजून चार वर्षं घ्यायच्या होत्या. म्हणून तीन महिने दोघी या संथ व्यायामाच्या वर्गाला येत होत्या. खांदे जरा सैलावले, बोटं मात्र ढिम्म. घरी गिऱ्हाइकांच्या कापडांचा ढीग तसाच पडून होता. "होईल हो बरं," म्हणत सगळे त्याला वळसा घालून जात.

"आता मूठ मिटा," वर्ग घेणाऱ्या बाई म्हणाल्या.

तिची मूठ अर्ध्यावरच अडली. कात्री धरतानाही ती इथेच अडायची. नणंदेनं ती अर्धी मूठ आपल्या हातात घेतली.

"वहिनी, लोकांची कापडं परत देऊन टाकू या."