गार घर

"आई, पॅनल फुटंल की!" पवन ओरडला, पण तोवर मी भिंतीवरच्या प्लास्टिकच्या पॅनलमागं खुरपं सारलं होतं.

करकर करत पहिली पट्टी सुटली आणि असा वास आला की माझ्या लेकानं नाकाला रुमाल लावला. मी नाही लावला. घर माझ्या नावावर आहे, वासही माझाच. पट्टीमागं भिंत म्हणावी असं काही उरलं नव्हतं. नासक्या लोणच्यावर येतो तसा बुरा, काळा, हिरवा, मधेच कापसासारखा पांढरा, फरशीपासून माझ्या खांद्यापर्यंत चढलेला. बोट लावलं तर गिलावा शिऱ्यासारखा हातात आला.

सकाळीच डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "घरात ओल आहे का? चार महिन्यांत तिसऱ्यांदा पोरीची छाती भरलीय." मी ताडकन बोलले, "आमचं घर आरशावानी हाय, येऊन बघा." पण येताना रिक्षात चार वर्षांच्या माझ्या नातीची, सम्यकाची, छाती माझ्या तळहाताखाली मांजरासारखी घुरघुरत होती. घरी आले ती खुरपं घेऊनच बसले.

अठ्ठावीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात भाकऱ्या थापल्या, तेव्हा गेवराईत हे घर झालं. गेल्या वैशाखात बघायला आलो तर मी काय विचारलं? बोअर किती फूट, पाणी उन्हाळा काढतं का, टँकर दारापर्यंत येतो का. आमच्याकडं घर घेणारा पाणी विचारतो. ओल कोण विचारतो? बाहेर ऊन भाजत होतं. त्या चकचकीत पॅनलवर मी तळवा टेकवला. "बघ पवन, घर किती गार हाय!" विकणारा बद्रीनाथ हसला, "मावशी, कूलर घ्यायचं काम न्हाई." भिंतीला लागून जमिनीत हौद आहे, तो तडकलाय आणि भिंत ते पाणी पितेय, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं वरून प्लास्टिक चिकटवलं.

आणि मी? वास पावसाळ्यापासून येत होता. मी सुनेला बोलत होते. "ओले कपडे कोंबती कुठंतरी. आईनं काई शिकवलं का न्हाई तुला?" ती रोज फिनेलनं फरशी पुसायची. आता अंजली पोरीला कडेवर घेऊन दारात उभी होती. भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी पट्टी काखेत मारली आणि निघाले. बद्रीनाथ मागच्याच गल्लीत दुसरं घर दाखवत होता. फाटकातून माझा आरडाओरडा ऐकून लगबगीनं अंगणात आला.

"मावशी, कावून आरडायलाव? घर बघूनच घेतलं न्हवं?"

"पॅनलच्या मागं बघायला डोळे कुठनं आणू रे?"

"तुमीच मनला व्हता, घर गार हाय."

म्हणाले होते मीच.

त्यानं आवाज खाली आणला. "उद्या गवंडी धाडतो. हौद, भिंत, समदं नवं करून देतो. फकस्त आत्ता गप बसा. गिऱ्हाईक हाय आत."

मी गप बसले. खोटं कशाला सांगू, सम्यकाची छाती डोळ्यापुढं आली आणि मी गप बसले. पट्टीसुद्धा पदराआड केली.

उघड्या दारातून लिंबागणेश गावाकडची मंडळी दिसत होती. त्यांतली म्हातारी माझ्याच वयाची, माझ्यासारखीच ताठ मानेची. तिनं पॅनलवर तळवा टेकवला. "सूनबाई, हात लाव की. किती गार हाय!"

मी चपला न काढताच आत गेले आणि पट्टी तिच्यापुढं उलटी धरली.

"बाई, आधी ह्याच्या पाठीचा वास घ्या. न्हाई घ्यायचा तर नका घेऊ. पण मग घरात वास सुटला की सुनेला बोलू नका."

म्हातारीनं हात झटकन मागं घेतला आणि लुगड्याला पुसला.

"आता गवंडी इसरायचा, मावशी," बद्रीनाथ दात चावत म्हणाला.

"धाडू बी नको. तुझा गवंडी पुन्हा प्लास्टिकच चिकटवंल."

दुसऱ्या दिवशी अंजली पोरीला घेऊन माहेरी दिंद्रुडला निघाली. तिची पिशवी मी स्टँडवर नेली. वाटभर एक वाक्य जुळवत होते, पण एसटी लागली तेव्हा तोंडातून निघालं, "पोरीला गरम पाणी पाज."

खिडकीतून ती म्हणाली, "आई, तुमी त्या खोलीत निजू नका."

घरी येऊन मी उरलेल्या पट्ट्या उपसल्या, रस्त्याच्या कडेला टाकल्या आणि छन्नी घेऊन गिलावा पाडायला बसले. जाणारा-येणारा थांबायला लागला. शेजारची वच्छलाबाई फाटकातून म्हणाली, "सिंधुबाई, दार तरी लोटून घ्या. समदे बघायलेत."

"बघू द्या."

पायाशी पोपड्यांचा ढीग झाला होता. मी सुपलीनं तो बाजूला सारला आणि बघणाऱ्याला भिंतीपर्यंत येता येईल एवढी वाट मोकळी केली.