आबांच्या खोलीतलं झाड

वादळात अंगणातलं झाड कोसळलं ते नेमकं आबांच्या खोलीवर. आबा गेल्यापासून आजीने ती खोली सोडली होती, म्हणून कुणाला खरचटलंही नाही. पण छप्पर फोडून फांद्या थेट पलंगावर विसावल्या. विमा कंपनीने बजावलं, सर्वेअर येऊन पाहीपर्यंत काहीही हलवू नका. मग झाड घरातच राहिलं, पाहुण्यासारखं.

आजी रोज दारात उभी राहून बघायची. मुळं उपटली होती, तरी पानं हिरवीगार. आपण मेलो आहोत हे झाडाला जणू अजून कुणी सांगितलंच नव्हतं. उशीवर टेकलेल्या फांदीला तर नवी पालवी फुटली होती.

"आई, एवढंच लक्षात ठेव," मुलगा म्हणाला. "झाड धडधाकट होतं. पोखरलंय हे आपल्याला आधीच माहीत होतं असं कळलं, तर विमा मिळायचा नाही. मग छप्पर कशाने शाकारू? डोक्यावरच्या केसांनी?"

"ते तरी कुठे उरलेत."

दोघंही हसली. तेवढ्यात आत काहीतरी करकरलं, आणि हसू विरलं.

सर्वेअर आला. त्याने फोटो काढले, भिंतीच्या भेगा मोजल्या. "झाड धोक्याचं आहे, असं कधी कुणी म्हणालं होतं?"

"छे, कुणीच नाही," मुलगा म्हणाला.

सर्वेअरने खोडावर टकटक केलं. लाकूड आतून पोकळ झालं की ढोलासारखं बोलतं. आबा दर पावसाळ्याआधी असंच वाजवून बघायचे आणि विचारायचे, पाडू या का?

"राहू द्या हो, यंदा नको," आजी बोलून गेली.

सर्वेअरने वळून तिच्याकडे पाहिलं.

"आबा गेल्यापासून तिला भास होतात," मुलगा घाईने म्हणाला.

"हो का, आजी?" सर्वेअरने असं विचारलं, की नुसती मान डोलावली तरी पुरे.

आजीने पलंगाकडे पाहिलं. जिवंतपणी तिने आबांना दर वर्षी गप्प केलं होतं. आता मेल्यावरही करायचं?

"भास नाही. यांनी सांगितलं होतं. मीच पाडू दिलं नाही."

सर्वेअर गेल्यावर मुलगा उंबऱ्यात डोकं धरून बसला. "तोंडाशी आलेला घास घालवलास, आई."

"माझी खोली भाड्याने दे. त्यातून छप्पर होईल."

"आणि तू कुठे जाशील?"

आजी वळकटी घेऊन आत गेली. अर्धा पलंग फांद्यांनी व्यापला होता, पण भिंतीकडची बाजू मोकळी होती. तिने पानं हलकेच सारली आणि ती आपल्या जागी आडवी झाली.